‘उद्या या’ असं मी माझ्याच लेकराला म्हणाले

ताई,

मी अमळनेरला राहते, जळगावला जिल्हा परिषदेत नोकरीला आहे. रोजचं अप-डाऊन. वय 38, नोकरीला 14 वर्षं झाली. मुलगी सातवीत, मुलगा पहिलीत. मिस्टरांचं कृषी केंद्र आहे. सासूबाई आमच्याजवळच असतात, त्यांचे गुडघे गेलेत.

पहाटे साडेचारला उठते. दोन भाज्या, भाकरी-पोळ्या, चार डबे, सासूबाईंचा चहा-नाश्ता, गोळ्या काढून ठेवणं, मग धावत स्टेशन. घरी यायला साडेसात होतात. पुन्हा स्वयंपाक, अभ्यास, उद्याची तयारी. अंग टाकते तेव्हा साडेअकरा झालेले असतात.

मार्चएंडला एका रात्री घरी याद्या तपासत बसले होते. मुलगा डायरी घेऊन सहीसाठी आला. मी वर न बघताच म्हणाले, ‘उद्या या.’ तो डायरी धरून तसाच उभा राहिला. मुलगी हसली. मला रात्रभर झोप आली नाही.

दोन महिने झाले, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. गाडीत बसलं की रडू येतं. धरणगाव येईपर्यंत ओढणी तोंडावर घेऊन बसते. परवा वाटलं, ही गाडी जळगावला थांबूच नये, अशीच पुढे जात राहावी. सासूबाई म्हणतात, ‘आमी काय वावरमा जाईसन घर सांभाळं नही का?’ मिस्टर म्हणतात, ‘झेपत नसेल तर सोडून दे, मी बळजबरी केली का?’ सोडू का नोकरी? आई म्हणून मी कमी पडतेय का? मला अरेतुरे केलं तरी चालेल.

– सकाळच्या गाडीतली एक

*

प्रिय सकाळच्या गाडीतली,

तू म्हटलं तरी चालेल म्हणालीस, म्हणून तूच म्हणते. मी भुसावळ-जळगाव असं 22 वर्षं केलं आहे. बायकांच्या डब्यात मांडीवर पेपर पसरून मेथी निवडलीय, शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपलेय. त्यामुळे ओढणी तोंडावर घेतलेली बाई मला लांबून ओळखू येते. सगळ्यांना वाटतं, तिला झोप लागलीय.

बाकीचं नंतर, आधी त्या एका वाक्याचं बघू. गाडी थांबूच नये, असं तुला वाटलं. याचा एक अर्थ असा की जिवाला विसावा हवाय, कुणी हाक मारू नये, कुणाला काही द्यायचं नसावं, खिडकीतून नुसतं बाहेर बघावं. दुसरा अर्थ असा की जगणंच नको झालंय. पत्रावरून मला ते कळत नाही, म्हणून सरळ विचारते. मरून जावं, संपवून टाकावं, आपण नसलो तरी चालेल, असं कधी मनात येतं का? येत असेल तर हे पत्र इथेच बाजूला ठेव आणि 14416 लाव. ती टेली मानस नावाची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. आणि त्याच दिवशी घरातल्या एका माणसाला हे तोंडाने सांग. मिस्टरांना सांगवत नसेल तर बहिणीला सांग, डब्यातल्या मैत्रिणीला सांग. असं बोलल्याने कुणी वेडं ठरत नाही. न बोलता राहिल्याने मात्र माणसं गेलेली मी पाहिली आहेत.

तसं काही नसेल, नुसता विसावाच हवा असेल, तरीही डॉक्टरांकडे जायचंच आहे. का ते सांगते. साडेअकराला झोपतेस, साडेचारला उठतेस, म्हणजे पाच तास. त्यात तीनला जाग, म्हणजे साडेतीन. मोठ्या माणसाला निदान सात तास झोप लागते. तू रोज अर्ध्या झोपेवर दोन माणसांचं काम ओढते आहेस, तेही दोन महिने. रडू येणं, पहाटे अवेळी जाग येऊन पुन्हा डोळा न लागणं, स्वतःवरच बोट ठेवत राहणं, हे सगळं दोन आठवड्यांच्या वर टिकलं की त्याला नुसता थकवा म्हणून सोडून द्यायचं नसतं. नैराश्य असू शकतं. आहेच असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण बघून घ्यायला हवं.

पहिल्यांदा नेहमीच्या डॉक्टरांकडून रक्त तपासून घे. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-12. या तिन्हीत काही कमी-जास्त असलं तरी माणूस असाच गळून जातो, चिडचिडा होतो, उदास होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या 54 टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. म्हणजे तुझ्या डब्यातल्या निम्म्याहून जास्त. आपण ‘माझा स्वभावच चिडका झालाय’ म्हणत बसतो, आणि खरं तर नऊवर आलेलं हिमोग्लोबिन बोलत असतं. पाळीत जास्त जात असेल तर तेही डॉक्टरांना सांग, लाजू नकोस.

रिपोर्ट ठीक आले आणि तरी झोप-रडू तसंच असलं, तर मनोविकारतज्ज्ञ. जळगावला तू रोज जातेसच, शासकीय रुग्णालयात मनाच्या आजारांची ओपीडी असते. एक दिवस अर्धी रजा टाक आणि जा. गोळ्या दिल्या तर घाबरू नकोस. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची नशेसारखी सवय लागत नाही, फक्त आपल्या मनाने मधेच बंद करायच्या नाहीत. एक मात्र करू नकोस. मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणून घेऊ नकोस. आपल्याकडे हे फार चालतं, आणि त्या गोळ्यांची सवय खरोखर लागते.

आता ‘उद्या या’.

हे वाचून तुझी मुलगी हसली तसं मला हसू आलं नाही. मला तो डायरी धरून उभा राहिलेला मुलगा दिसला आणि मान खाली घालून बसलेली तू दिसलीस. पण तू यातून जो अर्थ काढलास, मी वाईट आई आहे, तो मला मान्य नाही. काय झालं ते नीट बघ. दिवसभर तुझ्या टेबलासमोर माणसं उभी राहतात. कुणाचं बिल, कुणाचं सेवापुस्तक, कुणाची फाईल. प्रत्येकाला वर न बघता, पण आदराने, ‘उद्या या’ म्हणायची जिभेला सवय झालीय. त्या रात्री तू शरीराने घरात होतीस, टेबल मात्र ऑफिसचं होतं, याद्या ऑफिसच्या होत्या. समोर कुणीतरी कागद घेऊन उभं राहिलं आणि जीभ आपलं काम करून गेली.

नोकरी आणि घर यांच्या ओढाताणीवर ग्रीनहाउस आणि ब्यूटेल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी 1985 साली लिहिलं, त्यात त्यांनी या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. पहिली वेळेची. तू गाडीत असतेस तेव्हा मुलाच्या शाळेत असू शकत नाहीस, एवढं साधं. दुसरी ताणाची. साहेब बोलले ते मनात घेऊन घरी येणं आणि घरचं मनात घेऊन ऑफिसला जाणं. तिसरी वागण्याची. एका जागी जे वागणं लागतं ते दुसऱ्या जागी चालत नाही, आणि माणूस बटण दाबल्यासारखा बदलत नाही. तुझं ‘उद्या या’ हे या तिसऱ्यातलं आहे. अभ्यासकांनी त्याला नाव देऊन चाळीस वर्षं झाली, म्हणजे ही तुझ्या एकटीच्या स्वभावातली खोट नाही. ज्या बाईच्या घरात आणि कामात मधे श्वास घ्यायला जागाच ठेवलेली नाही, तिच्या तोंडून असंच काही निघणार.

म्हणून एक नियम आजपासून कर. ऑफिसचे कागद घराच्या उंबऱ्याच्या आत येणार नाहीत. मार्चएंड आता संपलाय. पुढच्या वर्षी काम उरलंच तर ऑफिसात तासभर थांबून पुढच्या गाडीने ये, पण पिशवीत याद्या घालून आणू नकोस. आणि घरी आल्यावर पहिली दहा मिनिटं ओट्याकडे जायचं नाही. हातपाय धुवायचे, पोरांजवळ खाली बसायचं, पाणी प्यायचं. भाकरी दहा मिनिटं उशिरा झाल्याने कुणाचं काही बिघडत नाही. उतरल्या उतरल्या चप्पल काढून थेट कुकर लावायला जाणारी आई लेकरांना फक्त पाठीमागूनच दिसते.

सासूबाईंचं वाक्य वाचून मी जरा थांबले. तुला ते टोचलं, टोचणारच. पण त्या खोटं बोलत नाहीत. खान्देशातली बाई कामाला गेलीच नाही, असा काळ कधी होता? निंदणी तिची, कापूस वेचणी तिची, शेंगा तोडणं तिचं. निंबाच्या झाडाला झोळी बांधून लेकरू त्यात, आणि सऱ्या मोजत पुढे. त्यांनी वावर आणि घर दोन्ही केलं, यात शंका नाही. फरक एवढाच की वावर घरापासून हाकेच्या अंतरावर होतं, लेकरू झाडाखाली डोळ्यांसमोर होतं, घरी जाऊ, नणंद, कुणीतरी होतं, आणि दहा मिनिटं उशीर झाला म्हणून कुणी हजेरीवर लाल शाई मारत नव्हतं. तू 55-60 किलोमीटर लांब, भिंतीआड, घड्याळाच्या काट्यावर. ती मोट वेगळी आणि ही वेगळी.

आणि दुसरं असं की, ते सगळं करून त्यांचे गुडघे गेले. त्यांना कधी कुणी विचारलं का, तुम्ही दमलात का म्हणून? एखाद्या रविवारी दुपारी त्यांच्या गुडघ्यांना तेल लावताना तू विचार. ‘आई, तुम्ही त्या वेळी कसं केलं? रडायला यायचं का?’ वाद म्हणून नाही, खरंच जाणून घ्यायला. मला वाटतं, तुला जे उत्तर मिळेल त्याने तुम्हा दोघींमधलं बरंच काही सैल होईल. त्या वयाच्या बाईला कुणी हे विचारलेलंच नसतं. तिला वाटतं, मी निमूट केलं, हिने बोलून दाखवलं. म्हणून तो टोमणा येतो. माझ्या सासूबाई मला शेवटच्या आजारपणात म्हणाल्या होत्या, बाळंतपणानंतर बाराव्या दिवशी मी वेचणीला गेले होते, आणि ते सांगताना त्या रडल्या. त्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

आता मिस्टर. ‘झेपत नसेल तर सोडून दे’ हे वाक्य वरून फार उदार दिसतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत आहे, की घर हे तुझं काम आणि नोकरीही तुझीच हौस, दोन्हीतलं काय टाकायचं ते तू ठरव. त्यांच्या वाट्याला काय येतं, हा प्रश्न त्यात कुठेच नाही. मी त्यांना वाईट माणूस म्हणत नाही. त्यांना हे कुणी कधी शिकवलंच नाही. 2019 साली सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली, माणसं दिवसाचे चोवीस तास कशात घालवतात याची. बायकांपैकी 81 टक्के रोज घरकाम करतात आणि त्यांचा त्यात सरासरी 299 मिनिटं वेळ जातो, म्हणजे पाच तासांना एक मिनिट कमी. पुरुषांपैकी 26 टक्केच घरकामाला हात लावतात, आणि जे लावतात त्यांचाही त्यात सरासरी 97 मिनिटंच वेळ जातो. 2024 ला पुन्हा पाहणी झाली, चित्र फारसं हललं नाही. नोकरी करणारी बाई घरी येते तेव्हा तिची दुसरी पाळी सुरू होते, हे यातूनच येतं.

पण त्यांना येत नाही, हे मी ऐकणार नाही. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी असते तेव्हा कोण करतं सगळं? कपाशीच्या काड्या पेटवून वांगी भाजणं, सालं काढणं, ठेचणं, हिरवी मिरची-लसूण, शेंगदाण्याची फोडणी, कळण्याच्या पुऱ्या तळणं. पन्नास पन्नास माणसांचं भरीत हेच पुरुष करतात आणि बोटं चाटावी असं करतात. हातात कला आहे, हौस आहे. घरातल्या ओट्याजवळ आलं की ती कला बाहेरच ठेवली जाते, कारण तिथे ती कुणी मागितलेली नाही.

तू मागितलीस का? म्हणजे ‘जरा मदत करा ना’ असं नाही. मदत या शब्दातच घोळ आहे. मदत मागितली की काम तुझंच राहतं, ते फक्त तुझा एक हात होतात. आठवण ठेवायची तू, सांगायचं तू, झालं का विचारायचं तू, नाही झालं तर चिडायचं तू. डोक्यावरचा हा जो भार आहे ना, उद्या मुलाच्या शाळेत रंगीत कागद न्यायचेत, सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या तीन दिवसांच्याच उरल्यात, गॅसचा नंबर लावायचाय, रिक्षावाल्याचे पैसे द्यायचेत, हाच भार माणसाला रात्री तीनला उठवतो. भांडी घासून झोप उडत नाही गं, आठवण ठेवून उडते. म्हणून काम देताना आठवणीसकट द्यायचं.

माझ्या घरचं सांगते. माझी दोन्ही पोरं लहान असताना मी एक दिवस ह्यांना म्हणाले, आजपासून गॅस तुमचा. नंबर लावणं, पावती, रिकामी टाकी बाहेर काढणं, सगळं. मी आठवण करणार नाही. ते हो म्हणाले आणि विसरले. दीड महिन्यांनी, नेमके नणंदेकडचे पाहुणे जेवायला होते, शेवभाजीचा रस्सा उकळायला लागला आणि गॅस विझला. दुसरी टाकीही रिकामीच. मला आदल्या आठवड्यात आठवलं होतं, पण मी तोंड उघडलं नव्हतं. शेजारून स्टोव्ह आणला, सगळ्यांना जेवायला साडेतीन वाजले. ह्यांचा चेहरा पडला होता, मी एक शब्द बोलले नाही. त्यानंतर आमच्या घरात गॅस कधी संपला नाही. ते दीड महिने गप्प बसणं मला नोकरीहून जड गेलं, एवढं मात्र खरं. तुलाही जड जाईल. पण त्या गप्प बसण्यानेच काम दुसऱ्याचं होतं.

तुझ्या घरात मला जे दिसतं ते असं. दुकान दहाला उघडतं. तू सातच्या आत घर सोडतेस. सात ते दहा ते घरीच आहेत, मग मुलांची सकाळ त्यांची. उठवणं, अंघोळ, दप्तर, डबा भरणं, रिक्षात बसवणं, आणि शाळेची डायरी. डायरी मी मुद्दाम सांगते. शाळेच्या ग्रुपवरही नंबर त्यांचा घालायचा, तुझा काढून टाकायचा. सासूबाईंच्या गोळ्या, डॉक्टर, गुडघ्याचं दाखवणं, हे त्यांच्या आईचं आहे, तेही त्यांच्याकडे. जूनमध्ये बियाण्या-खताची गर्दी असते, दुकानात पाय ठेवायला जागा नसते, हे मला ठाऊक आहे. कपाशीच्या हंगामात दोन महिने तू थोडं जास्त उचल, हंगाम संपला की पुन्हा त्यांच्याकडे दे. पण सात ते दहा ही वेळ हंगामातही त्यांच्याजवळ असतेच.

सकाळी दोन भाज्या कशाला? एक भाजी, आणि रात्री खिचडी किंवा वरण-भात. भाकऱ्यांना बाई लाव. पगार तुझा आहे. पोळी-भाकरीच्या बाईला पैसे देताना आपल्या बायकांचा हात थरथरतो, जणू काही चैन करतोय, मला याचं फार वाईट वाटतं. पुरुष दुकानात गडी ठेवतो तेव्हा त्याला अशी लाज वाटते का? आणि आता उन्हाळा लागलाय, तर वाळवणाचंही बोलते. बिबड्या, कुरडया, पापड, शेवया, यंदा बचत गटाच्या बायकांकडून विकत घे. त्या छान करतात, त्यांनाही चार पैसे मिळतात. सासूबाईंना घरच्या बिबड्यांची चव हवी असेल तर त्यांना खुर्ची टाकून त्या बायकांना सांगू दे, मीठ किती आणि तीळ किती. तुझे एप्रिलचे चार रविवार गच्चीवर 44 अंशांत जायला नकोत.

एका गोष्टीची मात्र धास्ती आहे. भार हलवायचा म्हणजे सातवीतल्या मुलीवर हलवायचा नाही. हे नकळत होतं. आई थकली की पहिला झाडू मुलीच्या हातात येतो आणि मुलगा मोबाईल घेऊन बसतो. दोघांना द्यायचं, वयाप्रमाणे. पहिलीतला मुलगा ताटं मांडू शकतो, स्वतःची पाण्याची बाटली भरू शकतो. मुलगी तुला ‘उद्या या’ म्हणताना पाहून हसली, म्हणजे तिचं लक्ष आहे. ती आत्ता ठरवते आहे की मोठं झाल्यावर बाईचं आयुष्य कसं असतं.

नोकरीचं काय? माझं मत स्पष्ट सांगते, या घडीला सोडू नकोस. अर्ध्या झोपेवर घेतलेला निर्णय आपला नसतो. राजीनामा दिला की 14 वर्षांची सेवा गेली, ती पुन्हा जोडून मिळत नाही, आणि स्वेच्छानिवृत्तीला 20 वर्षं लागतात. शिवाय, आज ज्या घराचा भार एका बाजूला आहे त्या घरात तू दिवसभर राहिलीस तर भार तसाच राहील, फक्त पगार जाईल आणि गाडीतल्या मैत्रिणी जातील. तब्येत सुधारल्यावर, सहा महिन्यांनी, डोकं शांत असताना तुला खरंच घरी राहावंसं वाटलं तर तेव्हा बघू. ती तुझी निवड असेल, पळ नसेल.

सोडण्याआधी जे हातात आहे ते तर वापर. तू जिल्हा परिषदेत आहेस, म्हणजे बालसंगोपन रजा तुला लागू आहे. 2018 पासून महिला कर्मचाऱ्यांना पहिल्या दोन मुलांसाठी, मूल 18 वर्षांचं होईपर्यंत, पूर्ण सेवेत 180 दिवस मिळते. तुझी दोन्ही पोरं बसतात त्यात. मंजुरी साहेबांच्या हातात असते, हे खरं, म्हणून कामाचा दाब नसताना, लेखी, तारखा घालून अर्ज कर. किती बायकांनी ही रजा एक दिवसही घेतलेली नाही, कारण ‘सगळे काय म्हणतील’. मी निवृत्त झाले तेव्हा ही रजा नव्हती. असती तर मुलाला कावीळ झाली तेव्हा मला त्याला शेजारणीच्या हवाली करून गाडी पकडावी लागली नसती. त्या दिवशी मी रजा मागायला गेले होते, आणि समोरून आलेलं उत्तर अजून माझ्या कानात आहे, म्हणून तुला पोटतिडकीने सांगते.

आणि बदली. मे महिन्यात जिल्हा परिषदेच्या बदल्या होतात. विनंती बदलीचा अर्ज भर, अमळनेर पंचायत समिती माग. जागा रिकामी नसेल तर आपसी बदलीचं बघ. अमळनेरला नोकरी करणारं आणि जळगावला घर असणारं कुणीतरी नक्की असेल, तेही रोज उलट्या दिशेने असंच अप-डाऊन करत असेल, कदाचित संध्याकाळी तुमच्या गाड्या पाळधीजवळ एकमेकींना ओलांडत असतील. चौकशी कर. रोजचे ते तास परत मिळाले तर तुझी झोप परत मिळाली.

आखाजी, म्हणजे आपली खान्देशातली अक्षय तृतीया, तोंडावर आली आहे. लग्न झालेली लेक आखाजीला माहेरी येणार, झोका बांधलेला असणार, गौराईची गाणी, आंब्याचा रस आणि खापरावरची पुरणपोळी, आणि त्या दिवसांत तिला कामाला कुणी हात लावू द्यायचा नाही. आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतं की सासुरवाशिणीला जीव हलका करायला काही दिवस लागतात, म्हणून त्यांनी ते सणात बांधून ठेवले. वर्षाचे उरलेले दिवस त्या बाईचे काय हाल होते, ते मला विसरायचं नाही, पण ते चार दिवस तरी तिचे होते. आता नोकरीवाली लेक अक्षय तृतीयेची एक सुट्टी घेते, सासरी पुरण घालते, आणि दुसऱ्या दिवशी गाडीला उभी. यंदा तू माहेरी जा. एक दिवस नको, चार दिवस जा. जोडून किरकोळ रजा टाक. मुलांना घेऊन जा किंवा ठेवून जा, तुला काय हवं ते. आईच्या घरी तीनला जाग आली तर आईला उठव आणि तिला सांग की मला झोप येत नाही.

घरी हे सगळं एका बैठकीत मांडायला जाऊ नकोस, भांडण होईल. या रविवारी फक्त दोन गोष्टी. मिस्टरांना सांग की मी डॉक्टरांकडे जाणार आहे, तुम्ही बरोबर चला. आणि सोमवारपासून सात ते दहा तुमचे. हे पत्र त्यांना वाचायला द्यावंसं वाटलं तर दे. सोमवारी डबा चुकेल, मोजे वेगळ्या रंगाचे जातील. तू गाडीत असशील, फोन करू नकोस.

आणि तो डायरीचा दिवस तसाच सोडू नकोस. आज घरी गेलीस की मुलाला जवळ घे, त्याला सांग, त्या दिवशी आई चुकून ऑफिसातलं बोलली, तुला नव्हतं म्हणायचं. पहिलीतल्या पोरालाही हे कळतं. मग डायरी माग, खाली बस, त्याने काय लिहिलंय ते पूर्ण वाच आणि त्याच्यासमोर सही कर. उद्यापासून ती सही त्याचे बाबा करतील, पण ही एक तुझी राहू दे.

रिपोर्ट आले की मला आकडे कळव. वाट बघते.

तुझी,
ताई